शिकवणाऱ्याचे ऋण

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी बेंगळुरूत एक नवा व्यवसाय उभा राहिला. अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील एखाद्या गृहस्थाच्या बँकखात्याची, विमानाच्या तिकिटाची, बिघडलेल्या संगणकाची तक्रार बेंगळुरूत रात्री जागत बसलेल्या तरुण-तरुणींनी दूरध्वनीवरून ऐकावी आणि निवारावी, असे त्याचे स्वरूप. कामावर बसवण्यापूर्वी या मुलामुलींना काही आठवडे बोलायला शिकवले जाई. इंग्रजी त्यांना येत होतेच. शिकायचे होते ते उच्चार. कन्नडिगाच्या तोंडी शब्दाअखेर नकळत येणारा ‘उ’, ‘ए’ने सुरू होणाऱ्या शब्दाआधी डोकावणारा ‘य’, मराठी मुलाचा दातओठांत अडकलेला ‘व’, साऱ्याच भारतीयांचा टणक ‘ट’ हे सगळे घासून काढायचे होते. या घासण्याला ‘न्यूट्रलायझेशन’ असे नाव होते, आणि जे घासायचे त्याला ‘मदर टंग इन्फ्लुअन्स’, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. प्रशिक्षकांच्या तोंडी त्याचे ‘एमटीआय’ झाले. एखाद्या विकाराचे नाव आद्याक्षरांनी घ्यावे तशी ही तीन अक्षरे उमेदवाराच्या मूल्यमापनात येत. ज्या भाषेत आईने अंगाई म्हटली, तिचा जिभेवर राहिलेला ठसा हा येथे निदान करण्याजोगा दोष होता. पुष्कळ ठिकाणी नावही बदलावे लागे. पलीकडच्या माणसाला उच्चारायला सोपे असे एखादे परदेशी नाव रात्रीपुरते धारण करायचे आणि पहाटे घरी जाताना उतरवून ठेवायचे.

या प्रकाराची चेष्टा करणे सोपे आहे आणि ती पुरेशी झालेलीही आहे. परंतु चेष्टेने प्रश्न सुटत नाही, कारण त्या वर्गात कोणी कोणाला बळजबरीने बसवलेले नव्हते. तुमकूर, हुबळी, बेळगाव येथून आलेल्या कितीतरी मुलांनी त्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे केली. मग त्यांच्यावर अन्याय झाला असे म्हणायचे का? झाला असेल तर तो नेमका कोठे झाला: उच्चार शिकवण्यात, की शिकवताना जे गृहीत धरले त्यात? एका माणसाने दुसऱ्याचे बोलणे बदलले, तर बदलणारा बदललेल्याचे काय देणे लागतो?

हा प्रश्न रंगभूमीवर सर्वांत स्पष्टपणे मांडला तो जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी. त्यांचे ‘पिग्मॅलियन’ 1912 मध्ये लिहून झाले. त्याचा पहिला प्रयोग ऑक्टोबर 1913 मध्ये व्हिएन्ना येथे, तोही जर्मन भाषेत झाला. इंग्रजी उच्चारांविषयीचे नाटक इंग्रजीत रंगमंचावर यायला एप्रिल 1914 उजाडला. ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स, रस्त्यावर फुले विकणारी एलायझा, आणि सहा महिन्यांत हिला सरदारघराण्यातील स्त्री म्हणून खपवून दाखवीन ही त्याची पैज, एवढी कथा सर्वांना ठाऊक असते. जी गोष्ट सहसा विसरली जाते ती अशी की एलायझा हिगिन्सच्या घरी स्वतःच्या पायांनी, स्वतःचे पैसे घेऊन आलेली असते. फुलांच्या दुकानात नोकरी हवी. तेथे तिच्या बोलण्यामुळे तिला कोणी उभे करत नाही. म्हणून एक शिलिंग फी देऊन शिकायची तिची तयारी आहे. हिगिन्स क्षणभर हिशेब करतो आणि तिच्या दिवसाच्या कमाईच्या मानाने हा शिलिंग एखाद्या लक्षाधीशाच्या साठसत्तर गिनींच्या बरोबरीचा ठरतो, हे त्याच्या ध्यानात येते. हिशेब त्याला येतो. पण तो लगेच विसरतो. पैज लागते, फी बाजूला पडते आणि विद्यार्थिनीची प्रयोगवस्तू होते. नाटकाची नैतिक गाठ या क्षणी बसते. पुढील पैजेचा विजय, चपलांची फेकाफेक, एलायझाचे घर सोडून जाणे ही सारी त्या गाठीची उकल आहे.

ती दुकानात उभी राहण्याइतकेच मागत होती; तो तिला सरदारकन्या करून देतो. जे मागितले त्याहून अधिक देणे हा उपकार नसून अतिक्रमणही असू शकते, याची जाणीव हिगिन्सला नाही. पैज जिंकल्यावर एलायझा विचारते की आता आपले काय होणार, आपण कशाला लायक उरलो. तो प्रश्न त्याला केवळ थकव्यातून आलेला वाटतो. पूर्वी ती फुले विकत होती. आता तिला स्वतःवाचून विकण्यासारखे काही उरलेले नाही, हे तीच त्याला सांगते.

भारतीय वाचकाला भाषा आणि दर्जा यांची ही सांगड नवी वाटण्याचे कारण नाही. संस्कृत नाटकांत ती नियमरूपाने होती. राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलत, स्त्रिया आणि सामान्य जन प्राकृत. प्राकृतांतही शौरसेनी, मागधी अशा पायऱ्या होत्या, आणि गाण्यासाठी महाराष्ट्री. ‘मृच्छकटिका’त ही सांगड शूद्रकाने जितकी वापरली आहे तितकीच सैलही केली आहे. विदूषक मैत्रेय जन्माने ब्राह्मण, पण बोलतो प्राकृत; आणि संस्कृत म्हणणारी स्त्री पाहून आपल्याला हसू येते असे तोच सांगतो. पुढे त्याच मैत्रेयाशी बोलताना वसंतसेना, जी गणिका आहे, संस्कृतचा आश्रय घेते, आणि तेथे तिला कोणी हसत नाही. शकाराच्या तोंडचा ‘श’कार हा हास्याचा हुकमी विषय. मात्र त्याचा दास स्थावरक जवळजवळ तशाच मागधीत बोलतो आणि वसंतसेनेला मारण्याची धन्याची आज्ञा धुडकावून लावतो. एकाच बोलीत नाटकातले सर्वांत ओंगळ आणि सर्वांत निर्भय बोलणे आलेले आहे. उच्चारावरून माणसाची पारख करणाऱ्या प्रेक्षकाला शूद्रकाने येथे गप्प केले आहे. तरीही एक फरक राहतोच. संस्कृत नाटकात कोणाला कोणाचे बोलणे बदलायचे नसते. प्रत्येकाची पायरी ठरलेली आहे. पायरी बदलता येते ही कल्पना आधुनिक; आणि ती बदलून देणाऱ्या शिक्षकाची नैतिक जबाबदारी ही समस्याही आधुनिकच.

मराठीत ही समस्या 1975 मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ने आणली. भक्ती बर्वे यांची मंजुळा आणि सतीश दुभाषी यांचा प्राध्यापक अशोक जहागीरदार यांची जुगलबंदी ज्यांनी पाहिली त्यांनी ती पुढच्या पिढीला सांगितली. आणि नंतरच्या अभिनेत्रींना ही भूमिका करताना त्या आठवणीशीही सामना करावा लागला. गुजरातीत मधु राय यांच्या ‘संतु रंगीली’ने हेच कथानक घेतले होते, हिंदुस्थानीत बेगम कुदसिया झैदी यांच्या ‘आज़र का ख़्वाब’ने. परंतु मराठी रूपांतरात एक गोष्ट आपोआप घडली, जी मूळ इंग्रजीत घडू शकत नव्हती. इंग्रजीत उच्चार ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असतात, फार तर ‘सुसंस्कृत’ असतात. मराठीत ते ‘शुद्ध’ किंवा ‘अशुद्ध’ असतात. जो शब्द सोवळ्याला, पाण्याला, पंक्तीला आणि रक्ताला लावला गेला, तोच व्याकरणाला आणि ‘ण’कारालाही लावला गेला. ‘आनि’, ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षक जेव्हा अशुद्ध बोलू नकोस म्हणतो, तेव्हा तो केवळ जिभेची जागा दाखवत नसतो. त्याला माहीत असो वा नसो, तो त्या मुलाच्या घराविषयी काहीतरी म्हणत असतो. आणि मुलाला ते कळते. त्याच्या घरी आजी ‘पानी’च पिते.

हिगिन्स कॉव्हेंट गार्डनच्या पावसात माणसांचे बोलणे ऐकून त्यांची गावे ओळखून दाखवतो, तेव्हा तो खेळ वाटतो. महाराष्ट्रात हा खेळ दोन वाक्यांत गावाच्या पलीकडे जातो. बोलण्यावरून जात ताडणे आणि ताडता न आल्यास आडनाव विचारणे ही येथील जुनी सवय. जहागीरदार आणि साळुंके या दोन आडनावांतच नाटकातले अंतर आखलेले आहे. आनंदाने हसणाऱ्या प्रेक्षागृहाने मंजुळेच्या कोणत्या शब्दांना दाद दिली, तिच्या खट्याळपणाला की तिच्या ‘अशुद्धा’ला, हा विचार त्यामुळे टाळता येत नाही. दोन्हींना दिली असावी; विनोदाचा हा गुंता फार जुना आहे.

याच काळातील दुसरी घटना येथे शेजारी ठेवण्याजोगी आहे. ‘ती फुलराणी’च्या तीन वर्षे आधी, 1972 मध्ये, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी, नाट्यसंवादांचा एवढा कसलेला कान असूनही, आपल्याला न कळलेल्या शब्दांची कबुली दिली; त्यांचे अर्थ त्यांना कवीला विचारावे लागले. येथे शिकवणी उलट दिशेने लागली होती. मुंबईच्या त्या वस्तीची भाषा धुऊन-पुसून दिवाणखान्यात आली नाही. दिवाणखान्यालाच कोश घेऊन तिच्याकडे जावे लागले. ज्या दशकात मराठी प्रेक्षक मंजुळेच्या ‘सुधारणे’वर टाळ्या वाजवत होता, त्याच दशकात मराठी कविता त्या सुधारणेची आवश्यकता नाकारत होती.

पण हा नकार अंतिम उत्तर आहे असे मानणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कवीला जे साधले ते नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या मुलीला साधत नाही. मुलाखत घेणारा कोश काढत नाही. तो पुढच्या उमेदवाराला बोलावतो. ज्यांना प्रमाणभाषा घरातच मिळाली त्यांनी इतरांना ‘तुमची बोली किती गोड, ती तशीच जपा’ असे सांगणे यात एक सुखवस्तू निर्दयपणा आहे. सावित्रीबाई फुल्यांनी 1854 च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो स्वभाषेचा तिरस्कार म्हणून नव्हे, बंद दाराची किल्ली कोणत्या भाषेत आहे हे त्यांनी ओळखले होते. किल्ली मागायला आलेल्याला दाराबाहेरच्या ओसरीचे सौंदर्य समजावून सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

न शिकवणे हाही अन्याय, आणि तो शिकवण्यातल्या अन्यायाहून जुना आहे. त्याचे नाव द्रोणाचार्य. येथे बेंगळुरूच्या रंगभूमीकडे पुन्हा वळावे लागते, कारण या शहराच्या एका नाटककाराने हे दोन्ही विषय, बोलण्याचा विनोद आणि गुरूचा अपराध, एकाच आयुष्यात हाताळले. त्यागराज परमशिव कैलासम (1884–1946) यांची घरची भाषा तमिळ, शिक्षण लंडनमध्ये भूगर्भशास्त्राचे, आणि कीर्ती कन्नड नाटककार म्हणून. ‘टोळ्ळु गट्टी’ (1918) या त्यांच्या नाटकाने कन्नड रंगमंचावर पौराणिक राजांऐवजी बंगळूर-म्हैसूरकडील मध्यमवर्गाचा दिवाणखाना आणला, आणि त्या दिवाणखान्यात तो वर्ग खरोखर जशी बोलत होता तशी, वाक्यावाक्याला इंग्रजीत घसरणारी कन्नड आणली. त्या भेसळीला सोवळ्या कन्नडाभिमान्यांनी नाके मुरडली. कैलासम यांचे बळ असे की त्यांनी हसायला लावले ते गरिबाच्या बोलण्याला नव्हे, तर पदवी मिरवणाऱ्याच्या बोलण्याला. दोन भावांपैकी पुस्तकी हुशार तो पोकळ निघतो आणि परीक्षेत नापास होणारा तो भरीव. 1945 मध्ये कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या भेसळखोराकडेच आले.

याच कैलासम यांनी आपली पौराणिक नाटके मात्र इंग्रजीत, तीही जुन्या भारदस्त इंग्रजीत लिहिली. त्यांपैकी ‘द पर्पज’ एकलव्याचे आहे. महाभारतातील कथेत कैलासम यांनी एक साधा प्रश्न घातला: धनुर्विद्या कशासाठी हवी? अर्जुनाला ती हवी आहे जगातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर होण्यासाठी. निषादपुत्राला ती हवी आहे रानातल्या हरणाच्या पाडसांना लांडग्यांपासून वाचवण्यासाठी. द्रोण ज्याला शिकवतात त्याचा हेतू स्वतःपाशी संपतो. ज्याला नाकारतात त्याचा हेतू स्वतःपलीकडे जातो. विद्येचा अधिकार कुळावरून ठरवणाऱ्या गुरूने विद्यार्थ्याच्या हेतूकडे पाहिलेच नाही, हा कैलासम यांचा आरोप आहे.

हा आरोप हिगिन्सलाही लागू होतो. द्रोण शिकवण्याचे नाकारतो, हिगिन्स उत्साहाने शिकवतो. एक अंगठा मागतो, दुसरा काहीच मागत नाही. तरी दोघांच्या लेखी शिष्याचा हेतू नगण्य आहे. द्रोणाला अर्जुनाला दिलेला शब्द राखायचा आहे, हिगिन्सला पैज. आणि या दोघांच्या तुलनेत बेंगळुरूतला उच्चारांचा प्रशिक्षक अधिक दोषी ठरतो का? कदाचित नाही. त्याचा व्यवहार निदान उघड आहे: कंपनीला गिऱ्हाईक हवे, मुलाला पगार हवा, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. उच्चार बदलणे हे येथे गणवेश घालण्यासारखे आहे. अन्याय सुरू होतो तो गणवेशाला त्वचा मानले जाते तेव्हा. मूळ बोलण्याला ‘प्रभाव’ आणि ‘दोष’ असे नाव देऊन शिकणाऱ्याच्या मनात आपल्या आईच्या बोलण्याची लाज रुजवली जाते तेव्हा. ही लाज उच्चारासाठी आवश्यक नसते. परकी भाषा शिकताना कोणी स्वभाषेची लाज बाळगत नाही; जपानी शिकणाऱ्या पुणेकराला आपली मराठी अशुद्ध वाटू लागत नाही. मग प्रमाण मराठी शिकणाऱ्या साताऱ्याच्या वा गडचिरोलीच्या मुलालाच ती का वाटावी? शिकवणारा एका बोलीशेजारी दुसरी बोली ठेवत नाही. एकीच्या जागी दुसरी ठेवतो, म्हणून.

यावर हिगिन्सकडे एक उत्तर आहे, आणि ते दुबळे नाही. शॉ आपल्या विरोधी पक्षालाही चांगला वकील देतात. हिगिन्स म्हणतो की वागणूक चांगली की वाईट हा मुद्दाच नव्हे. मुद्दा सर्वांशी सारखे वागण्याचा आहे. कर्नल पिकरिंग फुलवालीलाही सरदारकन्येसारखे वागवतात. आपण सरदारकन्येलाही फुलवालीसारखे वागवतो. दोन्ही समताच. वरवर पाहता हे बिनतोड वाटते. परंतु सारखा उर्मटपणा असमान माणसांवर सारख्या वजनाने पडत नाही. सरदारकन्या उठून निघून जाऊ शकते. तिची गाडी दाराशी उभी आहे. एलायझाला जायला घर नाही. ज्याला पळून जाता येते त्याच्याशी उर्मटपणा करणे आणि ज्याला येत नाही त्याच्याशी करणे, यांना एकच नाव देता येत नाही. हिगिन्सची समता खरी आहे, पण ती त्याच्या स्वभावात आहे, परिस्थितीत नाही.

मराठीत तर हा वाद व्याकरणातच शिरतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. म्हणून एलायझाला आपला माणूस म्हणून स्वीकार झाल्याची पहिली खूण कर्नल पिकरिंगच्या ‘मिस डूलिटल’ या संबोधनात शोधावी लागते. त्या दिवसापासून आपला स्वाभिमान सुरू झाला, असे ती सांगते. मराठीत प्रत्येक वाक्याला निर्णय घ्यावा लागतो: तू, तुम्ही की आपण. कन्नडमध्येही हेच, ‘नीनु’ आणि ‘नीवु’ यांमधली निवड टाळता येत नाही, आणि धारवाडकडे वाक्याअखेरचा ‘री’ ज्याला मिळाला नाही त्याला तो मिळाला नसल्याचे लगेच कळते. मालक नोकराला ‘तू’ म्हणतो आणि नोकर मालकाला ‘तुम्ही’. या एका विषमतेत किती पिढ्यांचे मौन साठलेले आहे! तरी ‘तू’ हा केवळ अवमानाचा शब्द नाही. आई ‘तू’च असते. वारकऱ्यांचा विठ्ठल ‘तू’च असतो. मराठीचे हे एकेरी सर्वनाम सर्वांत खालच्याला आणि सर्वांत जवळच्याला सारखेच लागते. कोणत्या अर्थाने लागले हे ते दोघांनाही चालते की एकालाच, यावर अवलंबून.

या दृष्टीने मंजुळेच्या त्या गाजलेल्या स्वगताकडे पाहिले तर त्यातली एक बारीक गोष्ट नजरेत भरते. तेथे ती प्राध्यापकाला एकेरीत बोलते. तो समोर नाही, म्हणून बोलते. समोर असता तर तिला धजावले नसते. प्रेक्षक त्या स्वगताचा सूड म्हणून, विनोद म्हणून, अभिनेत्रीच्या दमसासाची परीक्षा म्हणून आनंद घेतात. पण तिने तेथे जो हक्क घेतला आहे तो प्राध्यापकाच्या वर्गात शिकवला जात नव्हता, आणि तो घ्यायला तिला ‘शुद्ध’ बोलण्याची गरजही पडलेली नाही. शिकवणीच्या आरंभीच, आपल्या जुन्याच जिभेने, ती त्याच्याशी बरोबरीने बोलते. मात्र एकटी असताना.

बेंगळुरू हे शहर स्वतःही एका उच्चारबदलातून गेले आहे. 1 नोव्हेंबर 2014 रोजी अधिकृतपणे ‘बँगलोर’चे ‘बेंगळुरू’ झाले. एमटीआय म्हणून जो अखेरचा ‘उ’ प्रशिक्षणवर्गात खोडला जात होता, तो शहराच्या नावात सन्मानाने परत आला. मराठी माणसाचे ‘बंगळूर’ या दोन्हींच्या मध्ये कोठेतरी राहिले. मराठीचा या शहराशी संबंध तसा जुना आहे. 1638 नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि त्यांच्या येथील दरबाराचे वर्णन करणाऱ्या जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त एकाच सभेत अनेक भाषांतील कवने सादर झालेली दिसतात. त्या ग्रंथाचा शोध आणि संपादन वि. का. राजवाडे यांचे. तेथे भाषांची पंगत होती, उतरंड नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु दरबारात आलेला प्रत्येकजण कवी होता आणि बिदागी घेऊन जाणार होता. बाहेर घोड्याला दाणा घालणारा कोणत्या भाषेत बोलत होता, हे चंपूत नाही. त्या काळापासून आणि नंतरही कर्नाटकात स्थिरावलेल्या मराठी घरांत, नामदेव शिंप्यांच्या, भावसारांच्या, आरे मराठ्यांच्या घरांत, जी मराठी उरली, तिच्यात कन्नडची लय आणि शब्द मुरलेले आहेत. पुण्याहून बदलीवर आलेला गृहस्थ ती ऐकून हसतो. त्याच आठवड्यात कचेरीत त्याच्या इंग्रजीतल्या ‘व’ला कोणी हसलेले असण्याचा संभव आहे. हसणाऱ्याला आपणही कोणासाठी तरी फुलवालीच आहोत याचा विसर पडतो, म्हणून तर ही उतरंड टिकून राहते.

अलीकडे या कथेला एक अनपेक्षित वळण लागले आहे. बोलणाऱ्याचा उच्चार चालू संभाषणातच बदलून पलीकडच्याच्या कानी घालणाऱ्या संगणकीय प्रणाली भारतातील दूरध्वनी-केंद्रांत वापरात आल्या आहेत. मुलगी आपल्या ‘उ’कारासह बोलते, तारेतून जाताना तो गळून पडतो. आता तिची जीभ वळवण्याचे कारण उरलेले नाही. एका अर्थी ही मुक्ती आहे: तिच्या आईचे बोलणे तिच्यापाशी जसेच्या तसे राहिले. दुसऱ्या अर्थी हा हिगिन्सचा पूर्ण विजय आहे, कारण आता त्याला एलायझाचीही गरज नाही. हिगिन्सने तिला सहा महिने घरात ठेवले, तिच्यावर खेकसला, तिला चिडवले. पण त्या सहा महिन्यांत ती काहीतरी शिकली आणि ते तिचे झाले. तिने त्याला सोडून जाण्याची भाषा केली तीही त्या शिकलेल्या भाषेत, आणि त्याच्या पद्धती घेऊन स्वतः उच्चार शिकवण्याचा धाकही घातला. यंत्राने दिलेला उच्चार कोणी घरी घेऊन जात नाही. तो घेऊन नोकरी बदलता येत नाही, की दुसऱ्याला शिकवता येत नाही. ज्या मुलांनी एमटीआयचा अपमान गिळून इंग्रजी बोलणे कमावले, त्यांच्यापैकी काही पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. त्यांच्या धाकट्या भावंडांना तो मार्ग कदाचित उरणार नाही. अपमानही नाही आणि कमाईही नाही, हा सौदा आधीच्यापेक्षा बरा आहे का, हे त्या भावंडांनाच विचारावे लागेल.

‘पिग्मॅलियन’च्या शेवटावरून शॉ आणि हिगिन्सचे काम करणारे हर्बर्ट बीरबोम ट्री यांचे बिनसले होते. लंडनच्या प्रयोगांत ट्री अखेरीस एलायझाकडे फुले फेकत, आणि प्रेक्षक त्यांचे लग्न लावूनच घरी जात. शॉ संतापले. पुढे त्यांनी नाटकाला एक गद्य उत्तरकथा जोडली, जी रंगमंचावर कधीच येत नाही आणि वाचणारेही बहुधा ओलांडून जातात. तिच्यात एलायझा फ्रेडी या भाबड्या, निर्धन तरुणाशी लग्न करते. दोघे फुलांचे दुकान काढतात. म्हणजे पहिल्या दिवशी शिलिंग हातात घेऊन तिने जे मागितले होते तेच, फक्त आता नोकरीऐवजी मालकी. दुकान चालत नाही. उच्चार उत्तम असतात, पण हिशेब दोघांनाही येत नाही, आणि तिचे हस्ताक्षर तर गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगे नसते. जिच्या बोलण्यावर सहा महिने खर्ची पडले, तिला लिहायला नीट कोणी शिकवलेले नाही. ती पुन्हा हिगिन्सकडे जाते आणि या वेळी, मोठ्या नाखुशीने, अक्षर वळवायला शिकते. दुकानाची तूट कर्नल पिकरिंग वर्षानुवर्षे भरत राहतात, त्याबद्दल बोलून दाखवत नाहीत, आणि पुढे फुलांबरोबर भाज्याही ठेवू लागल्यावर दुकान हळूहळू आपल्या पायांवर उभे राहते.